पुढील संशोधनाच्या दिशा

शोधनिबंधात 'मी' लिहायचं नाही, हे मी गेली कित्येक वर्षं दारव्ह्याच्या कॉलेजात पोरांना शिकवतो आहे. 'मी पाहिलं' नाही, 'असे आढळून आले'. 'मला वाटतं' तर नाहीच नाही. तुम्हाला काय वाटतं ते तुमच्या आईला सांगा, पेपरात सांगू नका, असं मी वर्गात म्हणतो आणि पोरं हसतात. विशेषण दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते, उद्गारचिन्ह दिसलं की लाल पेन निघतो. ज्या विधानाला संदर्भ नाही ते विधान नव्हे, त्या ओट्यावरच्या गप्पा. समाजशास्त्र विभागात माझी ख्यातीच अशी आहे की सरांकडे पेपर दिला तर परत येताना त्याची हाडं तेवढी येतात. मला या ख्यातीचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू.

माझी बायको हे ऐकून म्हणायची, "हाडं उरते हे खरं हाय जी. पण माणूस कुठं जाते?"

ती मराठीची. आर्णीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक आणि परीक्षा संपल्या की घरी. माझी नोकरी पक्की, तिची कच्ची. लिहिण्याच्या बाबतीत मात्र पारडं उलटं होतं. ती कागदावर पेन टेकवायची आणि समोर माणसं चालायला लागायची. मी त्याच माणसांना ओळीत उभं करून त्यांची वर्गवारी करायचो. आमचे सगळे पेपर आम्ही असेच जोडीनं लिहिले. बघायची आणि लिहून काढायची ती, त्याचा पेपर करायचो मी. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं, कारण तिच्या मते पहिल्या नावाला पत्रव्यवहार करावा लागतो आणि तिला पत्रव्यवहाराचा कंटाळा होता.

कापूस वेचणाऱ्या बायका दुपारी शेतात काय जेवतात, कशा जेवतात, यावर आम्ही काम करत होतो. विषय तिचाच. तिचं माहेर मुकुटबनजवळच्या एका खेड्यातलं. दारव्ह्याहून तिथं जायचं म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, दोन एसट्या बदलून. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद आणि कापूस फुटलेला, असा दुहेरी योग साधून आम्ही तिच्या आईकडे मुक्काम ठोकायचो आणि सकाळी वेचणीच्या बायकांबरोबर शेतात जायचो. तिच्या पहिल्या दिवसाच्या टिपणातला एक तुकडा मला पाठ आहे.

"दुपारी बाया शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गोल करून बसल्या. एकीनं वांग्याची भाजी उघडली, एकीनं बेसनाचं चून, एकीनं ठेचा. एकीजवळ नुसती भाकर होती. तिनं भाकर मध्ये ठेवली आणि चारी बाजूंनी तिच्या भाकरीवर भाजी आली. मी बघत होते. वाढताना कोणी तिच्याकडे पाहिलं नाही."

मी याचं केलं: महिला मजुरांमध्ये अन्नविनिमयाची अनौपचारिक प्रथा आढळून आली.

"अन् 'कोणी तिच्याकडे पाहिलं नाही' हे कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"ते 'अनौपचारिक'मध्ये आलं."

तिनं कपाळावर हात मारला. मग बराच वेळ स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच वाजत राहिली.

माझ्या या कोरडेपणाला कारण आहे आणि ते तिला ठाऊक होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, त्या दिवसापासून गावात दारोदार भाकर मागायला जाणं बंद केलं. ती भाकर गावकीच्या कामाची म्हणून मिळायची, पण मागावी लागायची आणि वरून टाकली जायची. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला: दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या शेतात खायचं नाही. बापानं तो पाळला, मी पाळला. शाळेत मी तोंड उघडलं की लोकांना आधी माझं आडनाव ऐकू यायचं, मग माझं बोलणं. पुढं कॉलेजात पहिल्यांदा शोधनिबंध वाचला आणि ती भाषा मला घरासारखी वाटली. 'असे आढळून आले.' कोणाला आढळलं? कोणी विचारत नाही. परीक्षकाकडे निबंध जातो तोसुद्धा नाव झाकून. त्या भाषेत मला पहिल्यांदा कोणी खालून वर न्याहाळलं नाही. लोक म्हणतात, ही भाषा माणसाला पुसून टाकते. मला तेच हवं होतं. हे सगळं मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं, दारव्ह्याच्या बाजारात कांदे निवडता निवडता.

तिनं ऐकून घेतलं. तीही आमच्यातलीच, तिला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणाली, "तुमचं बरोबर हाय जी. तुमी पुसा तुमाले. पण मले नका पुसू."

"पेपरात सगळेच पुसले जातात," मी म्हटलं.

त्यावर तिनं एक खेळ काढला.

खेळ असा की प्रत्येक पेपरच्या कच्च्या मसुद्यात ती कुठंतरी एक वाक्य पेरणार. पेपरशी त्याचा काही संबंध नसणार, ते आमच्या दोघांचं असणार. मी ते शोधायचं, तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मग खोडायचं. सापडलं तर चहा ती करणार, नाही सापडलं तर मी. "तुमचे पेपर दुनियेत कोणी वाचत नाही," ती म्हणायची, "निदान तुमी तरी वाचा." मला ते पोरकट वाटायचं. पण तक्ते आणि टक्केवारी यांच्या मधोमध अचानक 'संशोधक घोरतो, ही बाब प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे' असं वाक्य भेटलं की मी एकटाच खुर्चीत हसायचो आणि आतून आवाज यायचा, "सापडलं वाटते!"

एकदाच हुकलं. आठवडी बाजारावरचा आमचा एक पेपर होता, त्यात 'बसस्थानकावरील चहा अत्यंत पांचट होता' हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं आणि छापून आलं. मी लाजेनं अर्धा झालो. ती मात्र तो अंक घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटली. त्या वाक्याबद्दल आजपर्यंत एकाही वाचकानं तक्रार केलेली नाही. तिचं म्हणणं खरं होतं हे मला मान्य करावं लागलं आणि चहाही करावा लागला.

तर शेतातल्या जेवणाबद्दल सांगत होतो. बायका गोल करून बसल्या की माझी बायको त्यांच्यात बसायची. सगळ्यांची भाजी तिच्या भाकरीवर, तिच्या आईनं दिलेलं लोणचं सगळ्यांच्या भाकरीवर. त्या गोलात आमच्यातल्या, तिच्या वस्तीतल्या बायका होत्या, पलीकडच्या पोडावरच्या वस्तीतून येणाऱ्या कोलाम बायका होत्या. शेताची मालकीण जरा अंतर राखून बसायची, पण तिच्या डब्यातलं फिरत फिरत इकडे यायचं आणि इकडचं तिकडे जायचं. हे सगळं मी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून, उपाशी, टिपून घ्यायचो. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचं अन्न खाल्लं की निरीक्षणाची तटस्थता जाते, असं मी कारण द्यायचो. खरं कारण आजोबांपासून चालत आलेलं होतं.

"जवाई, या ना जी जेवाले," बायका हाक मारायच्या. त्या गावचा मी जावई. जावई शेतात उपाशी बसलेला बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"भूक नाही," मी म्हणायचो.

"हे मागणं नाही हो," बायको रात्री समजावायची. "हे वाटणं हाय. फरक हाय दोन्हीत."

फरक मलाही कळत होता. पण कळलं म्हणून हात पुढे होत नाही.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. ऊन कडक होतं, दुपार कलली होती. मी काहीतरी विचारायला म्हणून उठलो, समोरचा पांढरा कापूस एकदम काळा झाला आणि मी दोन ओळींच्या मध्ये आडवा. डोळे उघडले तेव्हा तोंडात गूळ होता आणि त्या बायकांमधली सगळ्यात वडीलधारी, जिला माझी बायको मोठीमाय म्हणायची, ती बायकोला फैलावर घेत होती. "उपाशी मारतं काय वं जवायाले? काहून नाही चारत त्याले?" बायको रडत होती आणि हसतही होती. कोलाम बायकांपैकी एक पदरानं मला वारा घालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून बायकोच्या झोळीत बिस्किटाचा पुडा आला. बायका जेवायला बसल्या की मी त्यांच्याकडे पाठ करून बिस्किटं खायचो आणि पाठीमागून हसण्याचा आवाज यायचा.

पुढच्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी आर्णीचा डॉक्टर, मग यवतमाळ, मग नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि माझ्याच भाषेत सांगितलं, 'प्रसार झालेला आढळून आला आहे.' मी ती भाषा इतकी वर्षं बोललो, पण ती कानावर कशी पडते हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनीही ते वाक्य दुसरं कसं बोलायचं?

पेपर तेवढा राहिला होता. सगळे भाग तयार होते, शेवटचा 'पुढील संशोधनाच्या दिशा' हा तेवढा बाकी होता. मी म्हटलं, राहू दे, पेपर कुठं पळून जातो. ती म्हणाली, "तुमचा नाही पळत, माहा पळून राह्यला." दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या तिनं तो भाग मोबाईलवर लिहिला. मी शेजारच्या स्टुलावर बसलेला असताना तिनं तो मला मोबाईलवरच पाठवला आणि डोळे मिटून घेतले.

मी वाचायला लागलो. इतर तालुक्यांत असा अभ्यास व्हावा, प्रादेशिक तुलना व्हावी, ठीक. आणि सगळ्यात शेवटी हे:

'यापुढील क्षेत्रभेटी एकट्या संशोधकास कराव्या लागल्यास त्याने दुपारचे जेवण टाळू नये. त्यास उपाशीपोटी चक्कर येते, असे दीर्घकालीन निरीक्षणातून आढळून आले आहे.'

तिनं आयुष्यभर 'मी' लिहिलं. मी आयुष्यभर तिचा 'मी' खोडला. आणि हे एक वाक्य तिनं माझ्या भाषेत लिहिलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असं. ते वाक्य मी जन्मात लिहू शकलो नसतो.

"सापडलं ना?" तिनं डोळे न उघडता विचारलं. "वाचा मंग."

मी सुरुवात केली. 'एकट्या' या शब्दापुढं मला जाता आलं नाही.

"बरं, राहू द्या वाचणं," ती म्हणाली. "खोडा तेवढं. अन् चहा आज तुमीच आणा, मले उठता येत नाही."

मी खाली जाऊन चहा आणला. तिनं दोन घोट घेतले आणि पांचट आहे म्हणाली.

ते वाक्य मी खोडलं नाही. तिला सांगितलंही नाही. पेपर तसाच पाठवला. मनाशी ठरवलं होतं की छापून आला की अंक तिच्या पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचं, घे, हरलो. तिचं हसणं मला ऐकायचं होतं. दवाखान्यात ती हसायची, पण ते आलेल्या-गेलेल्यांसाठी असायचं. मला ते स्वयंपाकघरातलं हसणं हवं होतं.

थंडी सुरू झाली त्या सुमारास ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुकुटबनकडच्या बायका एक जीप करून दारव्ह्याला आल्या. मोठीमाय माझ्याजवळ बसली, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मग घर रिकामं झालं. मला एवढंच कळत होतं की तिला छापलेलं दाखवायचं राहून गेलं, आता निदान छापायचं राहू नये. तिच्या हातचं एक वाक्य, न कापलेलं, न उकडलेलं, कुठंतरी कागदावर उरावं. एवढी एकच इच्छा घेऊन मी कॉलेजात जात होतो आणि येत होतो.

परीक्षकाचा अभिप्राय उन्हाळ्यात आला. चांगला होता. विषय नवा आहे, मांडणी शिस्तबद्ध आहे, एका तक्त्यात दुरुस्ती करावी. आणि मग, अखेरच्या परिच्छेदातील अंतिम विधान व्यक्तिगत स्वरूपाचे असून शोधनिबंधाच्या शैलीशी विसंगत आहे. 'दीर्घकालीन निरीक्षणा'चा संदर्भ द्यावा अथवा विधान वगळावे.

आयुष्यात पहिल्यांदा आमचा पेपर कोणीतरी नीट वाचला होता.

मला त्या परीक्षकाचा राग येईना. नाव झाकलेलं, गाव माहीत नाही, पण तो माणूस मी होतो. त्याच्या जागी मीही हेच लिहिलं असतं, कदाचित जास्त कडक. तरी मी लढलो. आमच्या शैलीत एक पळवाट आहे. एखादी गोष्ट कुठं छापलेली नसेल, कोणी तोंडी सांगितली असेल, तर 'व्यक्तिगत संवाद' असा संदर्भ देता येतो. मी तक्ता दुरुस्त केला, ते विधान तसंच ठेवलं आणि त्यापुढं कंसात लिहिलं: सहलेखिका, व्यक्तिगत संवाद. पाठवून दिलं.

आठवड्याभरानं संपादकांचा फोन आला. वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "सर, मॅडमचं समजलं. फार वाईट झालं. मला तुमच्या भावना समजतात. पण सहलेखकच स्वतःच्या लेखात स्वतःला संदर्भ म्हणून कसा देणार? शिवाय आता त्याची खातरजमा कोणाकडून करायची?"

"माझ्याकडून करा," मी म्हटलं. "चक्कर मला येते."

ते म्हणाले, "मंडळापुढं हा पेपर ठेवायचा आहे. ते वाक्य असेल तर परत येईल, मला माहीत आहे. नसेल तर मॅडमचं नाव छापून येईल. एका वाक्यासाठी अडवून धरू नका. बघा, तुमच्यावर सोपवतो."

नाव की वाक्य, एवढंच उरलं. मी पुष्कळ दिवस काही केलं नाही. मुलाखतींना जाताना ती फाईलमध्ये आमचे पेपर नीट लावून न्यायची, आणि समितीतले लोक दुसरं नाव बघून विचारायचे, यात तुमचं काम नेमकं कोणतं? ती घरी येऊन नक्कल करून दाखवायची आणि आम्ही हसायचो. ते मला आठवत राहिलं. हा तिचा शेवटचा पेपर. नाव तरी लागायला हवं.

एका रविवारी दुपारी मी टेबलाशी बसलो. नियम असा होता की आधी मोठ्यानं वाचायचं, मग खोडायचं. दवाखान्यात मी अर्ध्यावर सोडलं होतं. या वेळी पूर्ण वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, वर्गात वाचतो तशा आवाजात. आतून कोणी 'सापडलं वाटते' म्हटलं नाही. मग मी ते खोडलं. उत्तराच्या रकान्यात लिहिलं, 'सूचना मान्य. विधान वगळण्यात आले आहे.' कोणी वगळलं ते लिहायची आमच्यात पद्धत नाही. जेवण झाकून ठेवलेलं होतं, ते संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं राहिलं.

छापायच्या आधी तपासायला पानं आली. तिच्या नावाआधी 'कै.' लावलेलं. मी लगेच फोन केला. म्हटलं, आमची माणसं कैलासाला जात नाहीत, आमच्यात कालकथित म्हणतात, ते लावा. संपादकांनी दहा वेळा माफी मागितली आणि दुरुस्ती केली. तेवढं मात्र मी मिळवलं. एका शब्दासाठी भांडलो आणि जिंकलो, आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडलो, कारण तो शब्द मी मागून घेतला होता आणि तो तिच्यासाठी होता.

अंक दिवाळीच्या तोंडावर आला. पेपर निर्दोष आहे. शैलीचा नमुना म्हणून वर्गात दाखवावा असा. मी तो आडवा-उभा वाचला. तिनं पाहिलेलं सगळं त्यात आहे आणि ती कुठंच नाही. नाव तेवढं आहे.

सुट्टी लागल्यावर मी तो अंक पिशवीत घालून मुकुटबनची एसटी पकडली. तिच्या आईच्या घरी पिशवी ठेवली, अंक घेतला आणि शेतात गेलो. कापूस फुटला होता. बायका नुकत्याच धुऱ्यावर जेवायला बसत होत्या. मला पाहून हात थांबले. एकीनं पदर डोळ्याला लावला.

मी अंक मोठीमायच्या हातात दिला. तिनं तो उघडला, पानं उलटीपालटी केली.

"यात आमची पोर कुठं हाय?"

मी तिच्या नावावर बोट ठेवलं.

"हे नाव झालं," मोठीमाय म्हणाली. "तिनं काय लिवलं थे वाच ना."

मी एक परिच्छेद वाचला. अन्नविनिमय, अनौपचारिक प्रथा, सामाजिक अंतर. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, तालुक्याहून साहेब आला की ऐकतात तसं. मी थांबल्यावर एक तरणी बाई हळूच म्हणाली, "हे त तुमचं हाय जी. तिचं वाचा."

मी शेवटचं पान काढलं. मजकूर प्रादेशिक तुलनेपाशी संपत होता. खाली कोरी जागा. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो.

"यापुढील क्षेत्रभेटी एकट्या संशोधकास कराव्या लागल्यास त्याने दुपारचे जेवण टाळू नये. त्यास उपाशीपोटी चक्कर येते, असे दीर्घकालीन निरीक्षणातून आढळून आले आहे."

कोणी हसलं नाही. कोलाम बायकांमधल्या एकीनं, जिनं मला पदरानं वारा घातला होता तिनं, विचारलं, "असं छापलं हाय?"

"हो," मी म्हटलं.

"मंग?" मोठीमाय म्हणाली. "तिनं छापून ठेवलं, तरी आयकत काहून नाही? बस."

ती जरा सरकली. शेजारची सरकली. गोलात एक जागा झाली आणि मी तिथं बसलो. माझ्याजवळ काहीच नव्हतं. मोठीमायनं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली. मग एकीकडून चून आलं, एकीकडून वांग्याची भाजी, मालकिणीकडून लोणचं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं. तसाच जेवलो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.